गोठ्यातलं सामायिक

अंगात भूत शिरलंय म्हणून थोरले दीर तवनाप्पांनी गुणमालाला गोठ्यात खुंट्याला साखळीनं बांधलं होतं. पुढं मिरजेत उपचार झाले. गोळ्या चुकवू नका आणि रोज शांत जागी बसून नुसता श्वास बघा, असं डॉक्टरांनी बजावलं.

घरी परतताच तिनं त्याच खुंट्यापाशी चटई टाकली आणि सामायिकाला, म्हणजे जैनांच्या नेमाच्या ध्यानाला, बसली. डोक्यातले आवाज आले, तसे जाऊ दिले. सामायिकातल्या माणसाला उठवायचं नाही, ही जैनाघरची रीत. तिच्यासमोर धार काढताना तवनाप्पा घाई करायचे, म्हैस पान्हा चोरायची. रोज तेच.

एकदा ती चटई गुंडाळताना ते म्हणाले, "घरात बस की."

"डॉक्टरांनी शांत जागा सांगितलीया, भावजी. मी इथं वरडत हुते तवा कुणालाच ऐकू गेलं न्हाई. हिच्यापरीस शांत जागा कुठली?"