सातवा ॲस्टर

धाकटीने स्वयंपाकघरातली कात्री ॲप्रनखाली धरून आणली आणि वाफ्याशी उकिडवं बसून उमललेली फुलं एकेक करून कापायला सुरुवात केली. काल सहा होती, आज नऊ निघाली. फिकट जांभळी, धुवून धुवून विटलेल्या उशीच्या अभ्र्यासारखी. तिने ती ॲप्रनच्या खिशात कोंबली आणि खिडकीकडे पाहिलं. पडदा अजून ओढलेला होता.

"उमललं का गं?" आतून ताईचा आवाज आला.

"कळ्या आहेत अजून."

"या दिवसांत कळ्या?"

"थंडी कुठे पडलीये नीट? तूच सांगतेस ना, झाडाला घाई करू नये म्हणून."

आत ताई काहीतरी पुटपुटली. पलंगाची कुरकुर ऐकू आली. उशांना टेकून नीट बसायला तिला हल्ली पाच मिनिटं लागत, आणि तेवढ्यानेही धाप लागे. हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. या महिन्याच्या पुढे ढकलू नका, असं सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं. दोन तारखा मिळाल्या, ताईने दोन्ही परत केल्या. "सातवा उमलला की निघू. तो बघितल्याशिवाय मी त्या टेबलावर आडवी व्हायची नाही." चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेली बाई. तिने एकदा म्हटलं की म्हटलं.

आणि सातवा उमलणार नव्हता, कारण तो वाफ्यात नव्हताच. धाकटीने स्वतःच्या हाताने त्याला खताच्या खड्ड्यात टाकलं होतं.

हे कसं झालं ते समजून घ्यायचं तर या ॲस्टरची रीत माहीत हवी. बी पेरावं, फुलं बघावीत आणि उपटून टाकावं, असा हा ॲस्टर नव्हे. हा मुळावर जगतो. दरवर्षी जमिनीलगत सुकून जातो आणि पुन्हा त्याच जागी फुटतो. फुटत फुटत त्याचा ठोंब बाहेरच्या बाजूने पसरतो आणि मधला भाग मात्र म्हातारा होतो, लाकडासारखा. म्हणून दर तिसऱ्या वर्षी, थंडी सरली की तो उकरायचा, फोडायचा, मधला भाग टाकायचा आणि कडेचे कोवळे फुटवे पुन्हा लावायचे. फुटवा हुबेहूब आईसारखा निघतो. बियांचं तसं नाही. बी कुणावर जाईल काही सांगता येत नाही. म्हणून फुलं वाळायला लागली की ती कापायची, बी धरू द्यायचं नाही.

ताईने तरुणपणी एका पत्र्याच्या डब्यात चाळीस रोपं वाढवली होती. एकोणचाळीस अशीतशी निघाली. ओळीतलं सातवं मात्र असं फुललं की शाळेतली पोरंही शिट्टी मारून थांबली. गडद निळं-जांभळं, दौतीत उरलेल्या शाईसारखं, आणि मधोमध पिवळा ठिपका. ताईने त्याला दुसरं नावच दिलं नाही. सातवा तो सातवाच. आणि फुटवा कुणाला द्यायचा नाही. मुख्याध्यापिकांनी मागितला, नाही. लग्न होऊन निघताना धाकटीने मागितला, तेव्हाही नाही. "तो इथेच राहू दे. तुला दुसरं काहीतरी देते." दिलेलं दुसरं काहीतरी पहिल्याच वर्षी मेलं. चार वर्षांनी नवरा गेला आणि धाकटी एक ट्रंक घेऊन परत आली, तेव्हा सातवा तिथेच होता. मग तीही त्याची राखण करू लागली. जो आपल्याला मिळाला नाही तो निदान दुसऱ्या कुणालाही मिळू नये, असं काहीसं तिच्या मनात असावं.

मागच्या वर्षी फुलं वाळायच्या सुमारास ताई पहिल्यांदा पडली. महिनाभर दवाखाना. त्या गडबडीत फुलं कापायची राहून गेली, आणि बी धरलं, पडलं, ठोंबाच्या कडेनेच रुजलं. पानं अगदी सारखी. थंडी सरल्यावर धाकटीने ताईने शिकवलेलं तंतोतंत केलं. ठोंब उकरला, मधला रोडावलेला भाग फेकला, कडेचे जोमदार फुटवे जपून लावले. जोमदार होते ते परके. फेकला तो सातवा. आणि हे कळलं केव्हा, तर आठ महिन्यांनी, पहिली फिकट कळी उघडली तेव्हा.

फुलं केराच्या डब्यात तळाशी घालून ती वळली, तोच गच्चीवरून पाणी कोसळल्याचा आवाज आला. टाकीचा फ्लोट पुन्हा अडकला होता. प्लंबर तीन दिवस "निघालोच" म्हणत होता. धाकटी स्वतःच शिडी लावून वर चढली, फ्लोटला दोन थपडा मारल्या, पाणी थांबलं. कंबर सरळ करताना तिची नजर शेजारच्या गच्चीवर गेली.

पाण्याच्या टाकीमागे, रस्त्यावरून किंवा त्यांच्या वाफ्यातून कधीच दिसली नसती अशा जागी एक मातीची कुंडी होती. आणि कुंडीभर सातवा.

"अरे चोरा," धाकटी अगदी हळू म्हणाली. आणि मग तिला रडू आलं, ते आनंदाचं की कशाचं हे तिलाही सांगता आलं नसतं.

शेजारी पेंटर राहत. दुकानांच्या पाट्या आणि शाळेचे फळे रंगवणारे. अकरा वर्षांपूर्वी एके सकाळी सातव्याच्या ठोंबाचा एक कोपरा सुरीने कापावा तसा कापलेला दिसला, आणि पेंटरच्या पायरीवर ओली माती. धाकटी तेव्हा सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर नोकरीला होती. रांगेच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचणारा आवाज कमावलेली. कुंपणाशी उभी राहून तिने अख्खी गल्ली गोळा केली होती. पेंटर शिडीवरून उतरले, ऐकत उभे राहिले आणि आत निघून गेले. पुढच्या सत्रात शाळेने फळ्यांचं काम दुसऱ्याला दिलं. तेव्हापासून बोलणं बंद.

आता पेंटरचा जिना चढताना धाकटीने मनात वाक्यं जुळवली. मोठ्या मनाने घ्यायचं ठरवलं. दार उघडताच तिने ती एका दमात म्हणून टाकली.

"हे बघा पेंटर, झालं गेलं ते झालं. तुम्ही नेलंत खरं, पण जगवलंत. माझ्या मनात आता काही नाही. ताईचं ऑपरेशन आहे आणि आमचा सातवा गेला. मला त्यातलं थोडं हवंय."

पेंटरनी चष्मा वर सरकवला. खूप म्हातारे झाले होते. हाताला कंप होता.

"बाईंचं ऑपरेशन? कधी?"

"हे फूल बघितल्यावर. तशी अट आहे तिची."

"या," ते म्हणाले आणि गच्चीकडे चालू लागले.

"पाट्या रंगवता का अजून?" काहीतरी बोलायचं म्हणून तिने विचारलं.

"हल्ली मशीन छापतं. मशीनचा हात हलत नाही."

कुंडीशी ते गुडघ्यावर बसले. फांद्या हलकेच बाजूला करून त्यांनी मुळांपाशी बोट घातलं, तेव्हा मातीत खोचलेली पत्र्याची एक पट्टी दिसली. तिच्यावर पेन्सिलीने लिहिलेलं होतं. पेन्सिल उन्हापावसाने जात नाही. "सातवा. दर तिसऱ्या वर्षी फोडणे. मधला टाकणे. बी धरू देऊ नये." आणि खाली तारीख.

ते अक्षर धाकटीने झोपेतही ओळखलं असतं. त्याच अक्षरात तिच्या वह्यांवर "पुन्हा लिही" असा शेरा पडे. तारीख तिने दोनदा वाचली. तिने गल्ली गोळा केली त्याच्या आदल्या दिवसाची होती.

ती कुंडीशेजारी खाली बसली.

"ताईने दिला तुम्हाला."

पेंटरनी बाजूला केलेल्या फांद्या पुन्हा सारख्या केल्या.

"ही पट्टी तेव्हा का नाही दाखवलीत? तोंडावर फेकायचीत माझ्या!"

"दाखवा, असं बाई म्हणाल्या नव्हत्या."

"आणि शाळेचं काम गेलं ते?"

"गेलं." त्यांनी एक सुकलं पान खुडलं. "असं करू. मी हा मुळासकट काढून देतो. तुम्ही वाफ्यात लावा, खिडकीतून दिसेल असा. तिथेच होता, आज उमलला म्हणून सांगा. या वेळी त्यांना उगाच त्रास नको."

बोलता बोलता त्यांनी पट्टी उपसली, अंगठ्याने पुसली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

धाकटी त्या खिशाकडे पाहत राहिली. किती सोपं होतं. अर्ध्या तासाचं काम. पडदा उघडायचा आणि म्हणायचं, बघ, उमलला.

"नको," ती म्हणाली. "कुंडीसकट द्या."

"जड आहे."

"असू दे."

कुंडी खरंच जड होती. जिन्यात दोनदा टेकवावी लागली. घरात शिरून तिने ती सरळ पलंगाजवळच्या स्टुलावर ठेवली आणि पडदा सारला.

ताई फुलांकडे पाहत राहिली. मग कुंडीकडे. दोघींच्या घरात मातीची कुंडी एकही नव्हती.

"मधलं वेळच्या वेळी काढलेलं दिसतंय," शेवटी ती म्हणाली. "एकही पान भुरीने पांढरं नाही. नीट ठेवलाय."

"आपला मी घालवला. चुकीचा भाग टाकला. आठवडाभर फुलं कापतेय, तुला दिसू नयेत म्हणून."

"मला दिसतं इथून, पडद्याच्या फटीतून. तू कात्री ॲप्रनखाली धरतेस."

"मग बोलली का नाहीस?"

ताईने पांघरुणाची कड सारखी केली.

"तेव्हाही नाही बोललीस," धाकटी म्हणाली. "मी चोर म्हणत होते त्यांना, आणि तू याच खिडकीत उभी होतीस. एक शब्द, ताई."

ताईचा श्वास लागला होता. धाकटीने सवयीने तिच्या पाठीमागची उशी वर ओढली आणि मग हात काढून घेतला.

"तुला नाही म्हटलं होतं मी," ताई म्हणाली. "लग्न होऊन निघताना ट्रंकेत ओला कपडा घालून ठेवला होतास, फुटवा गुंडाळायला. मी पाहिला होता. तुला नाही आणि त्यांना दिला, हे कुठल्या तोंडाने सांगणार होते?"

बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. धाकटी उभीच होती. अकरा वर्षं, आणि त्याच्या मागची सगळी वर्षं, तिला एकदम कुठे ठेवावीत ते कळेना. भांडावं म्हटलं तर समोर निळे पडलेले ओठ होते. जवळ घ्यावं म्हटलं तर हात उचलत नव्हता.

"बघून झालं ना तुझं?" तिने विचारलं.

ताईने मान हलवली.

धाकटीने फोन उचलला आणि हॉस्पिटलचा नंबर लावला. पलीकडे एक तरुण मुलगी होती. आवाजावरून नवीन असावी. परवाची तारीख मिळाली.

"सोबत दोन माणसं लागतील," मुलगी म्हणाली. "एक पेशंटजवळ आणि एक बाहेरच्या धावपळीला. लिहून घेते. पहिलं?"

"मी. सख्खी बहीण."

"आणि दुसरं?"

धाकटीने ताईकडे पाहिलं नाही. "शेजारचे एक गृहस्थ आहेत. अजून विचारायचंय त्यांना. पण लिहा."

"पेशंटशी नातं काय?"

तीस वर्षं हाच प्रश्न धाकटीने दुसऱ्यांना विचारला होता, आणि कुणी अडखळलं की तिला रांगेची घाई असायची. तिने फोनवर तळहात ठेवला आणि पलंगाकडे वळली.

"नातं काय लिहायचं, विचारताहेत," ती म्हणाली.

ताईने फुलांवरची नजर काढली नाही. तिचा हात पांघरुणावरून थोडा पुढे आला आणि तिथेच थांबला.

"हॅलो?" फोनमधून आवाज आला. "ऐकताय ना?"

"थांबा जरा," धाकटी म्हणाली आणि ताईच्या पायाशी, पलंगाच्या कडेवर बसली. "आम्हाला घाई नाही."