मोनिकाने आडवी ठेवलेली काठी

मित्रांनो, मला बघून मागे सरू नका. बरीच मुलं सरतात, म्हणून आधीच सांगते. मी बोरीच्या लाकडाची एक जुनी काठी आहे आणि सध्या पाटसच्या एका अंगणात मातीवर आडवी पडलेली आहे. मला कुणी टाकून दिलेलं नाही. मुद्दाम ठेवलं आहे. ते कसं झालं, तेच सांगायचं आहे.

म्हस्कूआबांनी मला घोड नदीकाठच्या बोरीवरून तोडलं. ते मेंढपाळ. शेकोटीवर शेकून त्यांनी माझा बाक काढला, करडईचं तेल चोळलं आणि खालच्या टोकाला लोखंडी टोपण ठोकलं. त्याला शेंबी म्हणतात. मी दगडावर टेकले की ठक्क आवाज यायचा आणि कळपाला कळायचं, आबा आले. त्या आवाजाचा मला भारी तोरा होता. आबांचा नियम असा, की काठी मेंढराच्या पाठीत घालायची नाही. कळप कुणाच्या पिकात शिरायला लागला की ते मला पुढे आडवी धरायचे, आणि मेंढरं तिथेच थबकायची. मुलाला, संपतला, त्यांनी हेच शिकवलं होतं.

पंच्याण्णवच्या सुमारास कारेगावच्या बाजूला कंपन्या आल्या, चरायची रानं गेली, आबांनी कळप विकला. मी दाराआड उभी राहिले. संपत एका कंपनीत प्रेस मशीनवर लागला, सविताशी त्याचं लग्न झालं, मोनिका झाली. पोरगी माझा घोडा करून अंगणभर पळायची आणि शेंबीच्या आवाजाला खिदळायची. हे लक्षात ठेवा.

एक दिवस शेजारच्या मशीनमध्ये संपतचा जोडीदार भैरू सापडला. संपतनेच त्याला बाहेर ओढला. भैरू वाचला नाही. लगेच दोन दिवसांनी ठेकेदाराने संपतला त्याच मशीनवर उभं केलं आणि तोही मुकाट्याने उभा राहिला. घरी कुणी काही विचारलं नाही. बाप्यामाणसाला काय विचारायचं, असंच सगळ्यांना वाटलं. डोळा लागला की तो दचकून उठायचा. झोप यावी म्हणून थोडी घ्यायला लागला, मग न घेता हात थरथरायला लागले. प्यायला की त्याला कसलाही मोठा आवाज सोसायचा नाही. एका संध्याकाळी सविताच्या हातून ताट पडलं आणि त्याने मला उचलून तिच्या पाठीत घातलं.

काठीला कुणाचा हात धरता येत नाही, मित्रांनो. मला फार लाज वाटली. हा असा का झाला हे मला ठाऊक होतं, पण त्यामुळे सविताची पाठ काही कमी सुजली नाही.

आमच्याकडे अशा वेळी एकच इलाज, भंडारा उचलायचा, म्हणजे देवाची हळद हातात घेऊन शपथ घ्यायची. आबांनी भाऊबंद बोलावले, बिरोबापुढे संपतच्या ओंजळीत हळद दिली आणि जन्मात दारूला शिवणार नाही, असं वदवून घेतलं. संपत अगदी मनापासून रडला. तो पावसाळाभर दारूविना राहिलासुद्धा. पण स्वप्नात भैरू यायचा तो येतच राहिला आणि शपथ मोडली. मग तर विचारूच नका. भाऊबंद त्याला पंगतीला घेईनात. तोही म्हणायचा, देवाचं तोडलं, आता कशाला थांबू? त्या दिवाळीत सविताचा हात मोडला. मोनिका भिंतीला चिकटून उभी होती. ती रडलीसुद्धा नाही.

हाताला प्लास्टर घालून सविता पोरीसह माहेरी पाटसला निघाली. दुसऱ्या हातात मी होते. ती म्हणाली, "ही काठी मी नेते, आबा. ह्या घरात न्हाई ठेवायची." आबांनी मान खाली घातली.

पाटसला सविता उसात खुरपायला जायची आणि मी कोपऱ्यात उभी असायची. कधी मांजराच्या धक्क्याने मी पडायची, ठक्क व्हायचं, आणि मोनिका असेल तिथे कान झाकून खाली बसायची. एवढी शाळेत जाणारी मुलगी, पण तिचे कपडे ओले व्हायचे. माझा तोच आवाज! मार थांबला तरी भीती थांबत नाही, हे मला तेव्हा कळलं.

आबा अधूनमधून यायचे आणि तिकडचं सांगायचे. त्यांनी संपतला शिरूरच्या एका डॉक्टरकडे नेलं होतं. दारूच्या आधी काय झालं होतं, असं डॉक्टरांनी विचारलं. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. संपतने भैरूचं नाव घेतलं आणि टेबलावर डोकं टेकवून हमसून रडला. मग गोळ्या, काही दिवस दवाखाना, आणि दर आठवड्याला दारू सोडलेल्या माणसांची बैठक. तिथे जन्माच्या शपथा नव्हत्या, आजच्यापुरतं बोलायचे. मध्ये एकदा तो घसरला. आबांनी भंडारा काढला नाही, पुन्हा डॉक्टरकडेच नेलं. "रोग व्हता, पोरी," ते सविताला म्हणाले, "आन् आम्ही देवाच्या अंगावर टाकून मोकळं झालो."

पुढच्या वर्षी आबा संपतला घेऊन आले. तो फाटकाबाहेरच थांबला. सविताने सांगून टाकलं, की नांदायला यायचं की नाही ते मी ठरवीन, आणि पोरीला भेटायचं तर पोरीला विचारा. मोनिका बराच वेळ दाराआड होती. मग आबांना म्हणाली, "आधी हिचा आवाज काढा."

आबांनी पक्कड मागितली आणि माझी शेंबी उपटली. दुखलं मला, पण सुटल्यासारखंही वाटलं. मग मोनिकाने मला दोन्ही हातांनी उचललं. संपतने डोळे मिटून घेतले. तिने मला फाटकाच्या जरा आत नेऊन मातीवर आडवी ठेवली, आबा मेंढरांपुढे धरायचे तशी.

"हितपातूर," ती बापाला म्हणाली. "हिच्या अलीकडं यायचं न्हाई."

"व्हय," संपत म्हणाला, आणि माझ्या पलीकडे मातीत बसला.

आता तो दर रविवारी येतो. तो गेल्यावर मोनिका मला कधी वीतभर घराकडे सरकवते, कधी नाही. मागे एकदा बोलताना त्याचा आवाज चढला, तर तिने मला उचलून थेट फाटकापाशी नेऊन ठेवलं. पुढच्या रविवारी तो तिथेच बसला. परवा मी पुन्हा वीतभर आत आले.

मित्रांनो, मला तेल नको, नवी शेंबी तर नकोच. एवढंच मागते, की अंगणातून जाताना मी पायात आले तर नीटनेटकं करायच्या नादात मला उचलून भिंतीशी उभी करू नका. मी कुठे पडायचं, ते तिला ठरवू द्या. घराचा उंबरठा अजून बराच लांब आहे.