डबक्याची पाटी

घरात तिला सगळे चतुरा म्हणत. हे नाव काही तिच्या हुशारीवरून पडलेलं नव्हतं. विद्यापीठाच्या मैदानामागे एक जुनी दगडखाण होती, ती पाण्याने भरून तिचं डबकं झालं होतं, आणि त्या डबक्यातल्या चतुरांवर ती डॉक्टरेट करत होती. चतुर म्हणजे पाण्यावर भिरभिरणारा, काचेसारख्या पंखांचा किडा. तिचा विषय पहिल्यांदा ऐकला तेव्हा दाजी म्हणाले होते, "चला, या घराचा चतुरांशी काही तरी संबंध आला." ताईने नवऱ्याकडे असं पाहिलं की विनोद तिथेच विझला, नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. ताई-दाजींच्या मागच्या खोलीत ती राहायची आणि उजाडायच्या आत गमबूट घालून डबक्यावर जायची.

संशोधन झकास चाललं होतं. घोडं पेंड खात होतं ते लिखाणात. "सदर अधिवासामध्ये उक्त प्रजातीच्या अळ्यांचे अस्तित्व लक्षणीय प्रमाणात असल्याचे निदर्शनास आले आहे," असं ती लिहायची. म्हणजे काय, तर डबक्यात अळ्या भरपूर आहेत. असं लिहायला तिला तिच्या मार्गदर्शकांनीच शिकवलं होतं, आणि त्यांची स्वतःची वाक्यं तर याहून लांब असत. शेवटापर्यंत पोचेतो माणूस सुरुवात विसरून जाई. पण विज्ञान लोकांपर्यंत पोचलं पाहिजे असं एके दिवशी विद्यापीठाच्या मनात आलं. पर्यावरणाच्या सगळ्या संशोधकांना लेखनाचा वर्ग सक्तीचा झाला. तो पास झाल्याशिवाय पदवी नाही. मार्गदर्शकांनी तिला बोलावून सांगितलं की जाऊन बस, मान डोलव आणि पास हो, पण तिथलं काही मनावर घेऊ नकोस.

वर्ग घ्यायला एक म्हातारे गृहस्थ आले. आयुष्यभर त्यांनी एक साप्ताहिक चालवलं होतं. साप्ताहिक बंद पडलं, तरी सगळे त्यांना संपादकच म्हणत. पर्यावरणातलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, आणि म्हणूनच आपल्याला समजेल असं लिहा, अशी अट घातली. चतुराचा पहिला निबंध त्यांनी परत दिला तेव्हा त्यात हिरव्या शाईच्या रेघाच रेघा होत्या. पानभर मजकुरातलं एकच वाक्य जिवंत राहिलं होतं: पाणी थंड होतं.

"हे एवढंच तू पाहिलेलं आहेस," ते म्हणाले. "बाकीचं सगळं कुठल्या तरी समितीने पाहिलंय."

तिला राग आला. बसमध्ये आला, जेवताना आला, दात घासताना आला. पण दुसऱ्या दिवशी डबक्याच्या काठावर उकिडवं बसल्यावर तिला कबूल करावं लागलं की इतकी वर्षं ती इथे येत होती आणि इथलं काहीच तिने कधी लिहिलं नव्हतं.

मग ती शिकली. मार्गदर्शकांनी मनावर घेऊ नकोस म्हटलं होतं तेच तिने मनावर घेतलं. 'निदर्शनास आले' गेलं, 'मी पाहिलं' आलं. संपादक खोडत गेले, ती पुन्हा लिहीत गेली, आणि रेघा हळूहळू विरळ झाल्या. वर्ग निम्म्यावर आला तेव्हा तिने चतुराच्या जन्मावर लिहिलं: पाण्याखाली चिखलात आयुष्य काढलेली ती कुरूप, खादाड अळी एका पहाटे पाणकणसाचा दांडा धरून वर चढते, तिची पाठ उकलते, आणि तिच्यातून ओल्या कागदासारखे चुरगळलेले पंख घेऊन दुसरंच कुणी तरी बाहेर येतं आणि ते पंख वाळेपर्यंत जीव मुठीत धरून थांबतं. घरी तिने हे ताईला वाचून दाखवलं. ताई फोडणी करत होती. तिने गॅस बंद केला आणि शेवटपर्यंत ऐकलं. चतुराच्या कुठल्याही लिखाणासाठी या घरात गॅस बंद होण्याची ही पहिलीच वेळ.

संपादकांनी त्यात एकही रेघ मारली नाही. त्यांनी जुनी ओळख काढली आणि लेख शहरातल्या मोठ्या वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत छापून आणला.

त्याच दिवशी दुपारी डबक्यावर माणसं आली.

आधी एक जोडपं आलं, मग एक कुटुंब सतरंजी घेऊन आलं. पुढच्या आठवड्यात शाळेची सहल आली, छायाचित्रकार आले, आणि काठावरच्या चिखलात इतके पाय उमटले की तिला आपली बसायची जागा सापडेना. लोक चांगले होते, हीच तर पंचाईत होती. ते हळू आवाजात बोलत, कचरा बरोबर नेत, ती दिसली की "तुम्हीच का त्या?" म्हणून तिचा हात हातात घेत, आणि तेवढ्यात त्यांच्या बुटाखाली दोन-चार अळ्या चिरडलेल्या असत.

विद्यापीठाला तर हर्षवायूच झाला. सुशोभीकरण समिती बसली आणि तिचं अध्यक्षपद चतुराच्या मार्गदर्शकांकडे आलं. त्यांनी उभ्या हयातीत चाळीस-पन्नास शोधनिबंध लिहिले होते, पण वर्तमानपत्रात फोटो आला तो आत्ता, काठावर बसवलेल्या बाकांचं उद्घाटन करताना. बाकावर बसल्यावर पाणी दिसत नाही, अशी तक्रार आली, म्हणून समितीने काठावरची पाणकणसं कापायचं ठरवलं.

चतुरा धावत त्यांच्याकडे गेली. त्यांनी शांतपणे सांगितलं की काय ते लेखी दे. तिने लिहून दिलं: पाणकणसं कापू नका. चतुर त्यांच्यावरच चढून जन्मतो. दांडा नसेल तर तो बुडून मरतो. दोन दिवसांनी कागद परत आला. भाषा फारच सोपी असल्यामुळे समितीला त्यात शास्त्रीय आधार दिसला नव्हता, आणि पाणकणसं तोवर कापून झाली होती.

त्याच संध्याकाळी ताई कौतुकाने डबकं बघायला जाऊन आली. घरी आली ती कापून ठेवलेल्या पाणकणसांचा एक भारा घेऊनच, आणि तिने तो बैठकीतल्या उंच फुलदाणीत छान रचून ठेवला. चतुरा जवळ गेली. एका दांड्यावर एक अळी होती, पाठ उकललेली, आतला चतुर अर्धा बाहेर आलेला आणि तसाच वाळून गेलेला.

"किती सुंदर लिहिलं होतंस गं," ताई म्हणाली. "वाचल्यापासून वाटत होतं, यातलं काही तरी घरात असायला हवं."

चतुराने ताईच्या हातचा चहा घेतला. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि धोंडा अगदी सुबक घडवलेला होता.

वर्गाचा शेवटचा स्वाध्याय समितीच्या सोयीचाच निघाला. डबक्यावर माहितीची पाटी लावायची होती. प्रत्येकाने मजकूर लिहायचा. संपादक गुण देणार आणि समिती त्यातला एक निवडणार. वर्गातल्या बाकीच्यांनी जीव ओतून लिहिलं. 'क्षणभर थांबा, पाण्याचं ऐका,' अशी सुरुवात तर तिघांनी केली. चतुराने खोलीचं दार लावून घेतलं आणि आपली जुनी भाषा माळ्यावरून उतरवावी तशी उतरवली. 'सदर जलाशयाच्या परिसंस्थेमध्ये रक्तशोषक जळवांचे अस्तित्व लक्षणीय प्रमाणात असल्याचे, तसेच काठालगतच्या भूभागाचे स्वरूप दलदलीचे असल्याचे निदर्शनास आले असून...' वाक्य असं पानभर सरपटत गेलं. कुजणाऱ्या पाल्याची दुर्गंधी, चावरे पाणकिडे, अंगाला सुटणारी खाज, सगळं त्यात आलं. खोटं एक अक्षर नव्हतं. फक्त त्या वाक्याच्या रानात जळवा, दलदल आणि दुर्गंधी हे तीन शब्द लांबूनही डोळ्यांत भरतील, एवढी काळजी तिने घेतली.

संपादकांनी तिला थांबवून घेतलं. वर्ग रिकामा झाल्यावर त्यांनी तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"हे वाचून तिकडे कुणी फिरकणार नाही," ते म्हणाले.

"हो, सर."

"वाचकाला हाताला धरून घेऊन जायचं, हे मी शिकवत होतो."

"तुम्ही फार चांगलं शिकवलंत. म्हणूनच तो आला."

त्यांनी चष्मा काढून पुसला. आपणही बायकोला घेऊन दोनदा जाऊन आलो, त्या बाकावर बसलो, असं त्यांनी जरा ओशाळून सांगितलं. मग हिरवं पेन उघडलं आणि पुन्हा बंद केलं.

"याला मी पास करू शकत नाही. ते माझ्या हातून होणार नाही."

"करू नका," ती म्हणाली. "फक्त समितीकडे पाठवा."

समितीत वाद झालाच नाही. इतरांचे मजकूर मार्गदर्शकांना पोरकट वाटले होते. चतुराचं वाक्य त्यांनी उभं राहून मोठ्याने वाचलं, मध्ये दोनदा श्वास घेतला, आणि ही खरी विद्यापीठाला शोभणारी भाषा, असा निर्वाळा दिला. पाटी लागली. पहिल्याच रविवारी एका आईने 'जळवा' वाचून पोराला कडेवर घेतलं आणि परतीची वाट धरली. पुढच्या आठवड्यात सुरक्षा विभागाच्या साहेबांची नजर 'दलदल' या शब्दावर पडली. उद्या कुणी बुडालं तर जबाबदार कोण, म्हणून त्यांनी बाकं उचलली, तारेचं कुंपण घातलं आणि आत फक्त संशोधकांना प्रवेश ठेवला. समितीला नवा विषय मिळाला, कारंज्याचा. काठावर कापलेल्या बुंध्यांतून पाणकणसांचे हिरवे कोंब वर आले.

चतुरा लेखनात नापास झाली. पदवी एक वर्ष लांबली. ताईला हे पचेना. ज्या पोरीचा लेख पेपरात छापून येतो ती लेखनात नापास कशी होते, हे तिने भेटेल त्याला विचारलं. दाजींनी शेजाऱ्यांना सांगितलं की मेव्हणी हुशार आहे, पण अक्षराने घात केला. मार्गदर्शकांना मात्र खरंच वाईट वाटलं. इतकं चांगलं लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला त्या पेपरवाल्याने मुद्दाम पाडलं, याबद्दल त्यांची खात्री होती.

पुढच्या वर्षी वर्ग सुरू झाला तेव्हा ती पहिल्या बाकावर होती. संपादकांनी सगळ्यांना विषय विचारले. तिची पाळी आली तेव्हा त्यांचा आवाज जरा सावध झाला. तिने सांगितलं की शहराच्या कडेला रंगाच्या कारखान्यामागून एक नाला वाहतो. सकाळी जांभळा असतो, दुपारी हिरवा, आणि त्याच्याकडे कुणीही जात नाही.

"तू लिहिलंस आणि लोक जमले तर?" त्यांनी विचारलं.

"जमायलाच हवेत, सर. जितके येतील तितके."

तास संपल्यावर आपल्यालाही तिकडे घेऊन चल, असं संपादक म्हणाले. तिने त्यांच्यासाठी दाजींचे जुने गमबूट आणले. ते दोन नंबर मोठे निघाले, तेव्हा नाल्यापर्यंत म्हातारा तिचा खांदा धरून, नाकाला रुमाल लावून चालत गेला, आणि वास नेमका कशासारखा येतोय यावर दोघं वाटभर भांडत राहिले.