मांडीखाली हात

बेबी चौतीस वर्षांची होती. घरात हे कुणाला पटत नव्हतं, पण जन्मदाखला होता म्हणून कुणी उघड वाद घालत नव्हतं.

ती वॉशिंग मशीनच्या कंपनीसाठी घरूनच तक्रारींचे फोन घ्यायची. समोरचा कितीही भडकलेला असो, बेबीचा आवाज थंडगार. "मागचा पाइप घट्ट करा. केलात? छान. आता लाल बटण दाबा. दाबलंत? आणखी काही मदत हवी आहे का?" अशी कितीतरी अनोळखी मशीनं तिने न बघता मार्गी लावली होती. स्वतःच्या घरातल्या मशीनला मात्र तिचं बोटही लागलं नव्हतं. "बेबी, तू राहू दे गं," हे वाक्य त्या घरात पंख्याच्या घरघरीसारखं दिवसभर चालू असायचं.

बेबी लहानपणापासून चाकाच्या खुर्चीत होती. तिचा उजवा हात कामसू होता. डावा हात स्वतंत्र विचारांचा होता आणि कधी कुठे उडेल याबद्दल बेबीशी सल्लामसलत करत नसे. एवढ्या भांडवलावर तिचं बरं चाललं असतं. पण आई, बाबा आणि कायमची राहायला आलेली मावशी असे तिघे तिच्यावर नजर ठेवून असत. तहान लागायच्या आधी पाणी यायचं, त्यामुळे कधीकधी तहान लागायची राहूनच जायची. 'पडलीस तर?' म्हणून बाबांनी तिच्या खोलीची आतली कडी काढून टाकली होती. मग त्या दारातून कोणीही यायचं. आई यायची, मावशी यायची, आणि एकदा स्वयंपाकघरात जागा नाही म्हणून गॅसचं सिलिंडर येऊन आठवडाभर राहून गेलं.

बेबीला आयुष्यात फार काही नको होतं. आतून लागणारी एक कडी हवी होती.

कडी होती दोन रस्ते पलीकडच्या केंद्रात. अपंग माणसांना आणि त्यांच्या घरच्यांना आधार देणारं हे केंद्र. त्यांच्या एका इमारतीत ज्याची त्याची स्वतंत्र खोली असायची, आणि सकाळ-संध्याकाळ मदतनीस येऊन सांगितलेली मदत करून जायचे. तिथली एक खोली रिकामी झाली होती. मात्र आधी आठवडाभर सराव-घरात राहून दाखवायचं, आणि शेवटच्या दिवशी स्वतः रांधून घरच्यांना जेवायला घालायचं. नियम एकच. घरच्यांनी न मागता मदत केली, की आठवडा पुन्हा पहिल्यापासून.

"म्हणजे ही परीक्षा नक्की कुणाची?" बाबांनी विचारलं.

"तुमची," केंद्रातल्या ताई म्हणाल्या. "बेबीताईंची मला काळजी नाही."

ताईंचा अंदाज बरोबर निघाला. पहिल्या खेपेला दुसऱ्याच दिवशी सराव-घराच्या दारात गिझर दुरुस्त करणारा माणूस उभा राहिला. त्याला दोन मिश्या होत्या. बाबांना मुळात मिशी होतीच, वेषांतर म्हणून त्यांनी तिच्यावर दुसरी चिकटवली होती.

"बाबा," बेबी म्हणाली.

"कोण बाबा?" गिझरवाला म्हणाला. "जेवलीस का?"

दुसऱ्या खेपेला आठवडा जवळजवळ पार पडला. मग एका दुपारी बेबीने भांड्यांचं कपाट उघडलं आणि आतून आईने ताटली पुढे केली.

"मी मदत करत नव्हते," आई गुडघे चोळत बाहेर येत म्हणाली. "मी नुसती बसले होते. ताटली आपोआप हातात आली."

ताईंनी तिघांना समोर बसवलं. "हे शेवटचं. खोलीसाठी दुसरे एक जण थांबलेत. ते एकटे आहेत, त्यामुळे त्यांना तुमच्यासारखी अडचण नाही."

 सिलिंडर परत येईल, एवढंच बेबीच्या मनात आलं.

तिसऱ्या खेपेला ती सराव-घरात गेली आणि तिघांची केंद्रात शिकवणी सुरू झाली. नव्या मदतनीसांना पहिल्या दिवशी शिकवतात तेच त्यांना शिकवलं. वेताच्या खुर्चीवर बसायचं, दोन्ही हात मांडीखाली घालायचे आणि समोर ताई बाटलीचं झाकण उलट्या दिशेने फिरवत असताना बघत राहायचं. पहिल्या दिवशी आईला बाहेर जाऊन रडून यावं लागलं. मावशीने हात आवरले, पण तोंड कुणी मांडीखाली घालायला सांगितलेलं नसल्यामुळे तिने ताईंच्या माहेराचा उद्धार केला. हळूहळू मात्र तिघांना जमू लागलं. संध्याकाळी घरी जाताना त्यांच्या हातांच्या पाठीवर वेताची जाळी उमटलेली असायची.

बेबीनेही स्वतःपुरता एक नियम केला होता. मदतनीस मुलीला ती बिनधास्त कामं सांगे, पण घरच्यांकडे काही मागायचं नाही. घरचे म्हणजे बोट दिलं की हात धरणारी माणसं. त्यांनी हात धरला की कडी गेली.

शेवटच्या दिवशी तिघे आले ते लग्नाला आल्यासारखे. सराव-घरात ताईंनी वेताच्या चार खुर्च्या ओळीत मांडल्या होत्या. ताईंसकट चौघं बसली. आठही हात मांडीखाली गेले.

"काय करतेयस?" आईने विचारलं. तिचा आवाज नुकताच धुऊन पिळल्यासारखा येत होता.

"आमलेट आणि पाव."

"अंडी फोडणार?" मावशी म्हणाली. "तू?"

"नाही, त्यांची समजूत काढणार."

पहिलं अंडं वाटीत पडलं. दुसरं वाटीच्या शेजारी पडलं आणि ओट्याच्या कडेवरून निवांत खाली उतरलं. आईच्या तोंडून सायकलच्या चाकातून हवा जावी तसा आवाज आला, पण ती हलली नाही. तिसरं वाटीत, टरफलासकट. बेबीने चमच्याने टरफल काढायला घेतलं. त्याला इतका वेळ लागला की बाबांना जांभई आली आणि तोंडावर हात धरता येईना म्हणून त्यांनी ती मावशीच्या खांद्यावर दिली.

"पदराला पुसू नका म्हणजे झालं," मावशी म्हणाली.

पहिलं आमलेट झालं. आकार कुठल्यातरी बेटासारखा होता, पण आमलेट होतं. बेबी ते ताटलीत घेत होती, तेवढ्यात डाव्या हाताने स्वतंत्र विचार केला. ओट्यावरचं फडकं त्याने उडवलं. ते शेगडीवरून जाताना पेटलं आणि ओट्याच्या पार पलीकडे, पावाच्या कागदी पिशवीला टेकून पडलं.

बेबीने तत्काळ गॅस बंद केला. पण फडक्यापर्यंत तिचा हात पोहोचत नव्हता.

खुर्च्यांवर कुणीही हललं नाही.

"फडकं पेटलंय," बाबांनी माहिती दिली.

"दिसतंय."

"मोठं पेटलंय," मावशी म्हणाली. "आम्ही काही म्हणत नाही हं. नुसतं सांगतेय."

 आई खुर्चीसकट थरथरत होती, आणि वेत कुरकुरत होता. ताईसुद्धा किंचित पुढे झुकल्या. पिशवीची कड तपकिरी झाली.

बेबीने जळतं फडकं बघितलं. मग ओळीतली घरची तीन माणसं बघितली. ज्या माणसांनी तिला चौतीस वर्षं एक ग्लास उचलू दिला नव्हता, ती माणसं घर पेटलं तरी हातांवर बसून राहायला तयार होती. तिने मदत मागेपर्यंत. ही माणसं बदलली होती. नियम मोडायची पाळी आता तिची होती.

तिने घसा साफ केला. आवाज आला तो फोनवरचा.

"बाबा, उठा."

तिघे एकदम उठले.

"फक्त बाबा. बाकीच्यांनी कृपया प्रतीक्षा करा."

आई आणि मावशी खाली बसल्या. हात मांडीखाली गेले.

"समोर चिमटा आहे. घेतलात? छान. फडकं चिमट्यात धरा. हाताने नाही, चिमट्याने. आता डावीकडे सिंक आहे. तुमचं दुसरं डावीकडे. टाकलंत? नळ सोडा."

चर्र असा आवाज आला. खोलीभर धूर पसरला. बाबा काळवंडलेला चिमटा राजदंडासारखा धरून उभे होते. इतक्या वर्षांत मुलीने त्यांना पहिल्यांदाच काम सांगितलं होतं, आणि त्यांचा चेहरा बढती मिळाल्यासारखा झाला होता.

"आणखी काही मदत हवी आहे का?" त्यांनीच विचारलं.

"नाही. बसा."

ते बसले. बेबीने ताईंकडे बघितलं. तिचे कान तापले होते. "मी मागितली," ती म्हणाली. "म्हणजे गेली खोली."

"का?"

"मदत घेतली ना."

"न मागता मदत कुणी केली?"

"कुणी नाही."

"मागितल्यावर उठणं, सांगितलं तेवढंच करणं आणि परत बसणं," ताई म्हणाल्या, "याला आमच्याकडे नोकरी म्हणतात. मला त्याचा पगार मिळतो." आणि बाबांकडे वळून त्या म्हणाल्या, "तुमचं काम चांगलं आहे. डावी-उजवी सोडून."

आमलेट एकच झालं होतं. ते पाच जणांत वाटलं. जळक्या फडक्याची चव सगळ्यांना आली आणि सगळ्यांनी मीठ छान पडलंय असं सांगितलं. फक्त मावशी म्हणाली, "टरफल आहे." तिच्यावर बेबीचा त्या दिवशी सर्वांत जास्त विश्वास बसला.

पुढच्या आठवड्यात बेबी खोलीत राहायला गेली. तिच्या हाताला येईल अशा उंचीवर बाबांनी स्वतः कडी बसवून दिली. बेबीने सांगितलं होतं म्हणून.

रविवारी सकाळी दारावरची बेल वाजली. घरच्या माणसांनी बेल वाजवण्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे ती जरा जास्तच वाजली. बेबी केस विंचरत होती. उजवी बाजू झाली होती, डावी राहिली होती.

"थांबा," ती म्हणाली.

बाहेर कुजबुज झाली. वेत नव्हता, तरी काहीतरी कुरकुरलं. बहुधा आई.

"आम्ही थांबलोय," दारापलीकडून बाबा म्हणाले.

"माहितीये," बेबी म्हणाली आणि तिने डाव्या बाजूचे केस अगदी सावकाश विंचरायला घेतले.