जुन्या वेळेवर राहिलेला राखणदार

डोंगरातल्या अघबालू गावात कुणी भेटायची वेळ सांगितली की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "जुनी की नवी?" सरकारनं घड्याळं तासभर पुढं नेऊन तिथंच ठेवली, ती नवी वेळ. रमजानचा महिना आला की सगळा देश तेवढ्यापुरता जुन्या वेळेवर येतो आणि ईद झाली की पुन्हा पुढं जातो. म्हाताऱ्यांना हे कधी मानवलं नाही. हम्मूची बायको इत्तो हिनं तर मनगटावरचं घड्याळ एकदाही पुढं नेलं नव्हतं. कुणी टोकलं तर म्हणायची, "आमचा कोंबडा बदलला की मी बदलेन."

रमजानच्या आधीच्या रविवारी सकाळी, मत्स्यकेंद्रातलं यंत्र सांभाळणारी तूदा केंद्राच्या फाटकातून आत आली तेव्हा बर्फ वितळायला लागलं होतं आणि देवदारांवरून थेंब गळत होते. आईला ताप होता म्हणून तिला धड झोप मिळाली नव्हती. तरी यायलाच हवं होतं. आज यंत्राचं घड्याळ मागं न्यायचं होतं.

हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. हौदांच्या पाण्यात किती प्राणवायू आहे ते एक प्रोग्रॅम सारखा मोजत असतो आणि आकडा घसरला की भोंगा वाजवतो. केंद्रातल्या बाया त्याला राखणदार म्हणतात. तो ज्या सर्व्हरवर चालतो त्याचं घड्याळ बदलायचं तर आधी राखणदाराला थांबवायचं, मग काटा मागं घ्यायचा, आणि त्यामुळं पुन्हा सुरू झालेला, आधीच लिहून झालेला तास पुरता सरू द्यायचा. त्यानंतरच त्याला उठवायचं. तेवढा वेळ यंत्र आंधळं असतं, म्हणून माणसांनी हौदांवर उभं राहायचं. तूदानं त्यासाठीच बायांना चहानंतर थांबायला सांगितलं होतं.

मागच्या हिवाळ्यात बुरशीनं ट्राउट माशांची सगळी पिल्लं गेली होती. बायांच्या सहकारी संस्थेला तगवून धरायला आता पिल्लांची ही एकच खेप होती. हीही गेली असती तर बाया पुन्हा सफरचंदाच्या बागांत रोजानं गेल्या असत्या, आणि तूदाला शहरातली सोडून आलेली नोकरी पुन्हा शोधावी लागली असती. पण नोकरीचं तिला तेवढं नव्हतं. अंड्यातून बाहेर पडताना तिनं ती पिल्लं पाहिली होती.

कचेरीत हम्मू स्टुलावर चढून भिंतीवरचं घड्याळ परत खिळ्याला अडकवत होता. पूर्वी जंगलखात्यात होता, आता संस्थेचा अध्यक्ष. घरातली, मशिदीतली, शाळेतली घड्याळं दर रमजानला तोच फिरवायचा.

"तू कशाला आलीस, लल्ला तूदा? जा, आईजवळ बस. तुझं काम झालंय."

"कुठलं काम, सी हम्मू?" तिकडं आदरानं बाईला लल्ला म्हणतात आणि पुरुषाला सी.

"तुझ्या डब्याचं. सकाळी आलो, म्हटलं पोरीला तेवढाच आराम. तू अडीनडीला म्हणून परवलीचा शब्द दिला होतास ना? घातला आणि दिलं तासभर मागं. बघ, सगळं हिरवं आहे."

त्याचा चेहरा फुलला होता. तूदा पडद्याकडे वळली. सगळं हिरवंच होतं. पण आकडे हलत नव्हते. पाण्याचा आकडा श्वासासारखा असतो, थोडा वर, थोडा खाली. इथं सगळे हौद गोठल्यासारखे एका जागी उभे होते. तिनं शेवटच्या नोंदीची वेळ पाहिली. नोंद पुढच्या वेळेची होती, घड्याळ अजून तिथं पोचलंच नव्हतं.

राखणदार एकदा लिहिलेल्या मिनिटावर पुन्हा लिहीत नाही. घड्याळ मागं गेल्यापासून येणारा प्रत्येक आकडा त्याला शिळा वाटत होता. तो ते फेकून देत होता आणि शेवटचा चांगला आकडा दाखवत बसला होता. हम्मूनं त्याला आधी थांबवलंच नव्हतं.

"सी हम्मू, चला माझ्याबरोबर. हौदांवर."

"काय झालं?"

"चालता चालता सांगते."

पहिले तीन हौद ठीक होते. चौथ्याशी ती थांबली. झऱ्याचं पाणी जिथून पडायचं तिथं नुसती धार लोंबत होती. वितळलेल्या बर्फाच्या लगद्यात देवदाराच्या काड्या अडकून जाळी बुजली होती. पिल्लं सगळी वर आली होती, तोंडं उघडून.

"जाळी," तूदा म्हणाली.

हम्मू अंगातल्या पायघोळ जलाब्यासकट पाण्यात उतरला आणि हातांनीच लगदा ओरबाडू लागला. तूदानं इत्तोला हाक मारली. इत्तो आणि बाया चहाचे पेले तसेच टाकून धावल्या. कुणी बादल्यांनी उंचावरून पाणी ओतायला लागल्या, कुणी जुना हवेचा पंप ओढत आणला. कुणी कुणाला विचारलं नाही. जाळी मोकळी झाली आणि पाणी धबधब्यासारखं पडायला लागलं, तरी बादल्या थांबल्या नाहीत.

पिल्लं हळूहळू खाली गेली. काही तशीच वर राहिली, आडवी. इत्तोनं ती हळूच गाळणीत घेतली आणि पाठीमागं ठेवून दिली.

"ओंजळभर गेली," ती म्हणाली. "बाकीची अल्लानं ठेवली."

तूदा हौदाच्या कठड्यावर बसली. हम्मू कमरेएवढ्या पाण्यात तसाच उभा होता.

"माझ्यामुळं झालं ना?"

"काड्या तुम्ही नाही टाकल्या."

"भोंगा वाजला नाही, तो माझ्यामुळं."

तूदानं खोटं बोलायचं ठरवलं असतं तरी तिला जमलं नसतं. "हो," ती म्हणाली. "पण परवलीचा शब्द मी दिला होता, आणि घड्याळाला हात का लावायचा नाही ते सांगितलं नव्हतं. तुम्ही मला झोप मिळावी म्हणून केलंत."

इत्तो बादली ठेवत म्हणाली, "चाळीस वर्षं हा माणूस मला मदत करतोय. मी अजून जिवंत आहे ते नशीब."

बाया हसल्या. हम्मूही हसला, पण त्याचे ओठ निळे पडले होते. इत्तोनं स्वतःची लोकरीची शाल काढून त्याच्या खांद्यावर टाकली आणि वर दटावलंही, "निघ बाहेर. उद्या उपवास धरायचा की ताप?"

कचेरीत आल्यावर हम्मू म्हणाला, "थांब, होतं तसं पुढं करून ठेवतो."

तूदानं त्याचा हात धरला. "नको. एकदा मागं, एकदा पुढं, दर उडीला त्याच्या नोंदवहीत भोक पडतं. आता नीट करू. मी त्याला झोपवते. लिहिलेला तास सरू दे, मग उठवू. तोवर आपणच राखणदार."

"मी चार नंबरवर," हम्मू म्हणाला.

"तुम्ही कपडे बदला आधी."

त्यानं कपडे बदलले आणि तो चार नंबरवर जाऊन उभा राहिला. प्रत्येक हौदावर एकेक बाई होती. तूदा हातातलं मोजयंत्र घेऊन हौदाहौदानं फिरत होती आणि आकडा मोठ्यानं सांगत होती. ज्या बाईचा हौद ती मान हलवायची, लेकराचं वजन ऐकावं तशी. कुणीतरी घरून लोण्याची रोटी आणली. इत्तोनं रमजानसाठी केलेला सल्लू फोडला, भाजलेलं पीठ, बदाम आणि मध. म्हणाली, उद्यापासून दिवसा मिळायचा नाही, आज खा. हम्मूनं खाल्ला तोही जाळीवरची नजर न हलवता.

तूदाच्या मनात आलं, की यंत्र आणलं तेव्हा आपण सांगितलं होतं, आता कुणाला थंडीत उभं राहावं लागणार नाही. आणि आज ही सगळी उभी होती, तिच्यावर उपकार करतोय असं एकीच्याही चेहऱ्यावर नव्हतं. तिला काही बोलावंसं वाटलं. पण ती आकडेच सांगत राहिली.

तास सरला. तूदानं राखणदाराला उठवलं. सगळी दारात येऊन उभी राहिली. पडद्यावर पहिला आकडा आला, मग दुसरा, थोडा वेगळा. मग चौथ्या हौदाचा आकडा हलकेच वर सरकला.

"घेतोय श्वास," हम्मू म्हणाला आणि त्यानं डोळे पुसले.

"मग ईदनंतर पुन्हा हीच कसरत?" इत्तोनं विचारलं. "पुढं न्यायला?"

तूदानं पडद्यावरची वेळ पाहिली. यंत्र बसवणाऱ्यानं त्याला गावाच्या वेळेवर ठेवलं होतं, बायांना वाचायला सोपं जावं म्हणून. पण आजपासून ते ज्या वेळेवर आलं होतं, ती साऱ्या जगातली यंत्रं आपापसांत धरतात तीच वेळ. ती रमजानला बदलत नाही आणि ईदलाही नाही.

"नाही न्यायचं," ती म्हणाली. "ते इथंच राहील. जुन्या वेळेवर. कायमचं."

इत्तोनं मनगट वर केलं आणि घड्याळ पडद्याशेजारी धरलं. दोन्हींत तीच वेळ होती.

"इतकी वर्षं एकटी होते मी या इमारतीत," ती म्हणाली.

ईद झाली. हम्मूनं घरातली, मशिदीतली, शाळेतली घड्याळं पुढं नेली. कचेरीतलं भिंतीवरचंही नेलं. मग पडद्यासमोर हात पाठीमागं बांधून उभा राहिला, चौथ्या हौदाचा आकडा वाचला, आणि बाहेर जाऊन जाळीवरच्या चार काड्या वेचून टाकल्या. त्यानंतर तो रोज सकाळी तेवढं करूनच चहाला बसतो. तूदाचा पेला तोच भरतो, आणि ती नको म्हणत नाही.