कंबरेला बांधलेलं दोन किलोचं माप

सांगा भाऊ, भरवसा कोणावर ठेवावा? माणसावर की मापावर? मापावरच म्हणाल. मलाही तोच गर्व होता. मी दोन किलोचं लोखंडी माप बोलतोय, जळगावातल्या डाळीच्या दुकानातलं.

मला ओतलं, तळाशी शिसं भरून वजन जुळवलं, तपासनिसाने शिक्का मारला. मालक शालिग्रामनाना तोलून झाल्यावर मूठभर डाळ वरून टाकणारे. असोद्याच्या एका म्हातारीने एकदा पिशवी परत तोलायला लावली. जास्तच भरली. तर म्हणते कशी, "शालिग्राम, तुझं माप बिघडलं रे. दुरुस्त करू नको!"

मग इलेक्ट्रॉनिक काटा आला. बाकीची मापं पोत्यामागे गेली, मी तेवढा बिलं दाबायला गल्ल्यावर उरलो.

नाना आणि त्यांची बायको कोकिळाअक्का, दोघांनाही एचआयव्ही आहे. सहा वर्षं झाली. रोजची गोळी घ्यायची, महिन्याला त्या गोळ्या देणाऱ्या एआरटी केंद्रात जायचं, बाकी संसार सगळ्यांसारखाच. केंद्रातल्या नाजमीन सिस्टर दर खेपेला वजन करतात. टीबी नाही ना, म्हणून खोकला, ताप, घाम विचारतात.

गेल्या हिवाळ्यात नाना एकटेच रावेरला भाच्याच्या लग्नाला गेले. घर पाहुण्यांनी भरलेलं. गोळ्यांची डबी काढली तर दहा जण विचारणार, म्हणून ती पिशवीतच राहिली. परत आले तेव्हा तब्येत ठणठणीत होती. मग गोळी सुटली ती सुटलीच.

होळीनंतर खोकला लागला. "डाळीची धूळ आहे," नाना म्हणायचे. संध्याकाळी अंग तापायचं. शर्ट ढगळ झाला.

केंद्रात जायच्या दिवशी त्यांनी मला पंच्यात गुंडाळून शर्टाखाली कंबरेला आवळलं. खोटं कशाला सांगू, मी सुखावलो. पुन्हा कामाला आलो ना! नाना तिथल्या काट्यावर चढले तेव्हा मला कळलं. काटा म्हणाला, बासष्ट. माणूस होता साठ.

"वजन तेवढंच आहे, छान," सिस्टर म्हणाल्या. "खोकला?"

"धुळीचा."

परतताना रिक्षात नाना स्वतःशीच पुटपुटले, "टीबी निघाला तर कोणीतरी दुकानी चौकशीला येईल. मग कोण घेईल माझ्या हातची डाळ?"

मला जीभ असती तर ओरडलो असतो. महिनाभर गल्ल्यावर पडून तो खोकला ऐकला. रोज वाटायचं, आज सांगतील. सांगितलं नाही. पुढच्या खेपेला मी एकटा पुरेना. दुसरं दोन किलोचं माप जोडीला आलं. पण या वेळी कोकिळाअक्का हट्टाने सोबत निघाल्या.

काटा पुन्हा म्हणाला, बासष्ट.

"हाई खोटं शे!" अक्का कडाडल्या. "ताई, ह्यांच्या पट्ट्याला खिळ्याने दोन भोकं मी पाडून दिली. बासष्ट कुठून आलं?"

"अगं, चार माणसं ऐकतात."

"ऐकू द्या! उद्या तुम्हाला उचलायलाही चारच येतील."

"नाना, शर्टाखाली काय बांधलंय ते सोडा," सिस्टर हळूच म्हणाल्या.

गाठ सुटली. आम्ही दोघं फरशीवर आदळलो. मी माझा शिक्का खाली करून पडलो, तेच बरं झालं.

सिस्टर रागावल्या नाहीत. मास्क दिला, खिडकीजवळ बसवलं. "तुमची गोष्ट या खोलीबाहेर जात नाही. पण गोळी सुटली की अंगाची राखण ढिली पडते. टीबी, न्यूमोनिया त्याचीच वाट बघत असतात. लवकर कळलं तर औषध आहे. किती गोळ्या चुकल्या?"

"थोड्या."

"आकडा सांगा, नाना."

नानांनी फरशीवरच्या आम्हा दोघांकडे पाहिलं. मग नाना म्हणाले, "रावेरच्या लग्नापासून एकही नाही."

"मग डबी रिकामी कशी व्हायची?" अक्कांनी विचारलं.

"मोरीत टाकत होतो."

अक्कांनी आम्हा दोघांना उचलून पिशवीत टाकलं.

आता बेडका तपासायला गेलाय, छातीचा फोटो झालाय. मी अक्कांच्या पिशवीत, त्यांच्या मांडीवर आहे. त्यांचा पाय सारखा हलतोय, त्याबरोबर मीही. बाहेर बाकावर नाना खोकतायत. निकाल काय येईल, कोणालाच ठाऊक नाही.

भाऊ, तुमच्याही घरात कोणी असं झाकत असेल. त्याला माझं नाव सांगून म्हणा, दवाखान्यात शरीराचा हिशेब खरा द्या. गोळ्या किती चुकल्या, खोकला किती दिवसांचा, वजन किती उतरलं. आकडा लाजिरवाणा असला तरी चालेल, पण खरा सांगा.