दही आणि डावा गुडघा

माझी छोटी कस्तुरी दुपारी झोपली, की एक चहा गरम प्यायचा आणि चार ओळी लिहायच्या, एवढाच वेळ माझा. साउथहॅम्प्टनच्या आमच्या फ्लॅटच्या भिंती पापडाइतक्या पातळ. त्यामुळे वरच्या मजल्यावर वाल्देसिर राहायला आला, तेव्हा मी धसकाच घेतला. ब्राझीलचा फुटबॉलपटू, घरात चेंडू आपटल्याशिवाय थोडाच राहणार?

पण हा पडला डिफेंडर. जिनासुद्धा असा चढायचा, जणू आवाज झाला तर फाउल देतील.

वय चौतीस. पोर्तुगाल, युक्रेन, जपान, ग्रीस, फिनलंड करत करत आता इथल्या एका छोट्या क्लबात. कुठेही एकच सीझन. कधी क्लब बुडाला, कधी मॅनेजर बदलला, फिनलंडला तर मैदानच गोठलं. पाच भाषांत त्याला ‘त्याला धर’ आणि ‘मागे बघ’ एवढंच येतं. माझ्या नवऱ्याच्या, अनुपच्या मते संसाराला तेवढं पुरतं. अनुप इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. वाल्देसिरला मला ‘वहिनी’ म्हणायला त्यानेच शिकवलं; बाकी बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत.

त्याच्या घरात पडदे नव्हते, भिंतीला एक खिळा नव्हता. बायकोचा आणि लेकीचा, लुआनाचा, फोटो एका खोक्याला टेकवून ठेवलेला. बायकोने फोनवर बजावलं होतं, एका गावात दुसरा सीझन मिळाला तरच आम्ही येऊ. पोरीची शाळा सारखी मोडायची नाही. आणि क्लब म्हणत होता, आधी डावा गुडघा तपासू, मग बघू.

तपासणीच्या सकाळी तो निरोप घ्यायला दारात आला. महत्त्वाच्या कामाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही-साखर नको का? मी चमचाभर त्याच्या तळहातावर ठेवली. खा म्हणणार, तेवढ्यात आत कस्तुरीने पाण्याचं भांडं अंगावर ओतून घेतलं. तिला कोरडं करून बाहेर येते, तर वाल्देसिर पायरीवर बसून, ट्रॅकपॅन्ट वर सरकवून, ते दही मन लावून गुडघ्यावर चोळतोय. गुडघ्यावर साखर चमकतेय.

युक्रेनमध्ये या गुडघ्याला हंसाची चरबी लागली होती, जपानमध्ये सुया. इंडियाचं औषध हेच असणार, याबद्दल त्याला शंकाच नव्हती. गार वाटतंय, म्हणाला.

“धुऊन टाका ते,” मी कसंबसं म्हटलं.

“नाही वहिनी. रिझल्ट लागल्यावर.”

आणि गेला तसाच, चिकट गुडघ्याने.

अनुप जेवताना ठसका लागेपर्यंत हसला. क्लबच्या डॉक्टरला आता गुडघ्यावर मुंग्या सापडणार, म्हणाला. मला काही हसू येईना. दही पोटात गेलंच नव्हतं, मग काम व्हायचं कसं? वरून तर काहीच कळेना. पावलं नेहमीसारखीच मुकी.

दुसऱ्या दिवशी दुपारी कस्तुरीला थोपटून थोपटून निजवलं, चहा ओतला, आणि डोक्यावर घर्रर्र करून ड्रिल सुरू झालं. कस्तुरीने भोकाड पसरलं. तिला काखोटीला मारून मी भांडायच्या तयारीने वर गेले.

दार उघडंच होतं. वाल्देसिर स्टुलावर, हातात ड्रिल, काखेत पडद्याचा रॉड. बायको-लेकीचा फोटो खाली आपल्या खिळ्याची वाट बघत होता.

“दोन वर्षं, वहिनी,” तो म्हणाला. ड्रिल बंद करून जरा घुटमळला. “उजवासुद्धा थोडा दुखतो.”

रडणारी कस्तुरी मी त्याच्याकडे दिली आणि खाली दही आणायला गेले. ते लावायचं नसतं, खायचं असतं, हे सांगायचं राहूनच गेलं.